चकतीवरचं कुंकू

“नवी सायकल दुकानातून सरळ घरी नेऊ नको, बेटा. आधी इथं आण. पुढचं चाक काढून बघू दे मला, मग खुशाल हार घाल तिला.”

इब्राहिमचाचांनी सायलीला हे सांगितलं तेव्हा ते तिच्या मुलीच्या, शाल्मलीच्या, तीनचाकीचं पेडल ठोकून बसवत होते. सायली “हो चाचा, बघू” म्हणाली आणि मनातल्या मनात हसली. सारडा सर्कलच्या मागच्या गल्लीतली पत्र्याची टपरी, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा, आणि हे म्हणे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक तपासणार! ती एम.एस्सी. झालेली होती. दोन महिने मोबाइलवर सायकलींचे व्हिडिओ बघून तिचे डोळे चुरचुरायला लागले होते. आणि सायकल घेणार होती ती कॉलेज रोडवरच्या काचेच्या दुकानातून. चाचांना तिने गोड हसून निरोप दिला आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेली.

पुढे चाचांचं ते वाक्य तिला किती वेळा आठवलं, ते विचारू नका.

खरं तर सायली कुणाचं काही सहज सोडून देणारी बाई नव्हे. चार वर्षांच्या मुलीला द्राक्ष देतानाही ती चार तुकडे करून देते. रिक्षात बसण्याआधी टायर बघते. गॅसचं बटण दोनदा बघून झालं, तरी जिन्यातून परत येते. “आमच्याकडे काळजीचं मशीन बसवलंय,” असं तिचा नवरा शेखर चार लोकांत सांगतो, आणि लोक हसतात.

मग अशा बाईला सायकल कशाला हवी होती? तर शेखरकडे होती म्हणून. दर रविवारी पहाटे तो आपल्या ‘पहाटचाक’ नावाच्या ग्रुपबरोबर बाहेर पडायचा. दहाला घामाघूम होऊन परत यायचा आणि कुठं ऊन कसं पडलं होतं, धरणावर कुठले पक्षी होते, ते पोहे खाता खाता सांगायचा. पोहे करायची सायली. पक्ष्यांची नावं चुकीची सांगायचा शेखर. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, अर्ध्या नाशिकची झाडं नावानिशी ओळखणाऱ्या बाईनं हे किती वर्षं ऐकायचं? एका रविवारी ती म्हणाली, “मलाही घ्यायचीये सायकल. शालूला मागे बसवून नेता येईल अशी.”

“घे की,” शेखर म्हणाला. “साधी घे एखादी.”

साधी! इथून तिच्या डोक्यात तिडीक सुरू झाली.

शाल्मलीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर, तिनं लिहून काढलं होतं काय हवं ते. शर्यतीची सायकल नको, तिच्यावर ओणवं बसावं लागतं, आणि मागे मूल असताना मान वर हवी. डोंगरातली जाड चाकांचीही नको, डांबरी रस्त्यावर ती ओढता ओढता जीव जातो. मधली हवी. लांबच्या प्रवासाची, जिला टूरिंग म्हणतात. त्र्यंबक रोडच्या डांबरावर पळेल आणि अंजनेरीकडच्या मुरमाच्या वाटेवर घसरणार नाही एवढ्या रुंदीचे टायर. चढाला हलका गिअर. मागे कॅरिअर पक्कं बसवायला सांगाड्यालाच आट्यांची भोकं, कारण त्या कॅरिअरवर तिची मुलगी बसणार होती, भाजीची पिशवी नव्हे. आणि ब्रेक डिस्कचेच, त्यातही तेलाच्या दाबावर चालणारे. रबरी गट्टू चाकाच्या कडेला घासतात ते ब्रेक पावसात कसे दगा देतात ते तिनं कॉलेजात असताना अनुभवलं होतं. वहीत ‘ब्रेक’ या शब्दाखाली तिनं तीन रेघा मारल्या होत्या. खरं सांगायचं तर ती सायकल घेतच नव्हती, ती ब्रेक घेत होती. सायकल त्याला जोडून येणार होती.

पहिल्या दुकानात विक्रेता म्हणाला, “मॅडमसाठी ना? गुलाबी आलीये बघा नवीन. पुढे बास्केट.” दुसऱ्या दुकानात प्रश्न ती विचारत होती आणि उत्तरं शेखरला मिळत होती. “कॅरिअरचा स्क्रू ब्रेकच्या आड येतो का?” असं तिनं विचारलं. त्यावर तो माणूस शेखरकडे बघून हसला आणि म्हणाला, “वहिनींचा अभ्यास झालाय सर!” शेखरही हसला. सायली पायऱ्या उतरून रस्त्यावर येऊन उभी राहिली.

तिसरं दुकान मनोजचं, कॉलेज रोडवरचं ते काचेचं. मनोज ‘पहाटचाक’चाच, शेखरच्या ओळखीचा. तो मात्र पहिल्या मिनिटापासून सायलीकडे बघून बोलला. तिची वही हातात घेतली, पानं उलटून वाचली, एकदाही हसला नाही. “ताई, खरं सांगू, एवढं नेमकं लिहून आणणारं गिऱ्हाईक मला वर्षात एखादंच भेटतं,” म्हणाला. मग आतून एक ऑलिव्ह रंगाची सायकल घेऊन आला. स्टीलचा सांगाडा, हवे तसे टायर, कॅरिअरची भोकं, दोन्ही चाकांना लखलखीत डिस्क. चाकाच्या मधोमध ताटलीसारखी ती पातळ चकती, आणि आतल्या दोन पॅडनी तिला दोन्हीकडून चिमटा घेणारा ब्रेकचा जबडा. सगळं वहीत लिहिल्यासारखं.

“तुमच्या उंचीची ही एकच शिल्लक आहे. शोरूमला उभी होती फक्त. चालवलेली नाही. म्हणून थोडी कमी किमतीत देतो.”

तिनं दुकानासमोर दोन चकरा मारल्या. ब्रेक असा लागला की मागून कुणी पदर धरून थांबवावं. मनोजनं मुलाची खुर्ची स्वतः बसवून दिली, पट्टे ओढून दाखवले. त्यानं तिला माणूस म्हणून वागवलं होतं. तेवढ्यावरच ती फसली.

सायकल घरी आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला सकाळी सायलीच्या सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, घरातली सगळी वाहनं धुवून-पुसून रांगेत उभी करायला लावली. त्या मूळच्या विंचूरकडच्या. शेतात अवजारांची पूजा करत आलेल्या, आता फ्लॅटच्या पार्किंगमध्ये स्कूटरची करतात. झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, ताटात निरांजन, हळद-कुंकू. सायली वरून जिन्यातून ओरडली, “आई, त्या चकतीला काही लावू नका हं! तेल तर अजिबात नको!”

“नाय गं बाई, कळतं मला. हँडलाला लावते. आन् शालूच्या खुर्चीला.”

त्यांनी तेवढंच केलं. सायकलीला ओवाळलं, मग नातीला ओवाळलं, मग दोघींना पेढा दिला.

पुढच्या रविवारी तिघं निघाले. शेखर पुढे त्याच्या शर्यतीच्या सायकलवर, सायली मागे, तिच्या मागे हेल्मेट घालून शाल्मली. त्र्यंबक रोडला ऊन कोवळं होतं. शाल्मली प्रत्येक बैलाला, प्रत्येक ट्रकला हाक मारत होती. अंजनेरीच्या फाट्याशी शेखर टपरीवर थांबला, कारण त्याचे टायर बोटभर रुंदीचे, मुरमावर फाटले असते. “तुम्ही दोघी जाऊन या, मी चहा सांगतो.” सायलीला बरंच वाटलं. ही वाट तिची होती. वर तिनं शाल्मलीला पळसाचं झाड दाखवलं, दोघींनी लाडू खाल्ला आणि त्या परत फिरल्या.

उताराला लागल्यावर तिनं पुढचा ब्रेक हलकेच दाबला. लिव्हर मऊ लागली, भिजलेल्या पोळीत बोट जावं तशी. तिनं जोरात दाबली. लिव्हर हँडलला टेकली आणि सायकल तशीच चालली, उलट वेग वाढला. मागचा ब्रेक ओढला तर मागचं चाक मुरमावर आडवं सरकायला लागलं, आणि मागे मुलगी. “आई, फास्ट! आई, फास्ट!” शाल्मली आनंदानं ओरडत होती. पुढे वळण, वळणाला दगडी पूल. विचार करायला वेळ नव्हता. डावीकडे शेताचा मातीचा बांध दिसला आणि सायलीनं सायकल सरळ त्या बांधात घातली.

सायलीचे दोन्ही तळवे आणि गुडघा सोलून निघाला. शाल्मलीचे पट्टे टिकले, हेल्मेट टिकलं, पण हनुवटी सायलीच्या पाठीवरच्या बॅगेच्या बकलावर आपटून फाटली. तीन टाके. चार वर्षांच्या मुलीला दोघांनी धरून ठेवायचं आणि डॉक्टरांनी सुई घालायची, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. शाल्मली किंचाळताना एकच वाक्य म्हणत होती, “आई, मी शहाणी बसले होते ना? मी हलले नव्हते ना?”

फाट्यावरून धावत आलेल्या शेखरला पुढच्या चकतीवर लाल चट्टा दिसला होता. त्यानं बोट लावलं. बोट लाल, तेलकट.

“हे काय? कुंकू?” तो म्हणाला. मग सावकाश म्हणाला, “आईनं पूजा केली होती ना.”

दोघांनी दुपारी सायकल मनोजकडे नेली. मनोज खाली बसला, चकती बघितली, लाल बोट वर करून दाखवलं आणि अगदी दुःखानं मान हलवली. “ताई, काय सांगू तुम्हाला. दसऱ्यानंतर दर वर्षी अशा दोन-तीन येतात. श्रद्धेनं लावतात हो माणसं, पण डिस्कला तेलाचा थेंब म्हणजे ब्रेक संपला. हे वॉरंटीत नाही बसत. पॅड बदलून देतो, तुमच्याकडून मजुरी नाही घेत.”

मजुरी नाही घेत! आणि ती त्याला ‘थँक्यू’ म्हणाली. हे ‘थँक्यू’ आठवलं की आजही तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

घरी आल्या आल्या, चप्पलही न काढता, ती स्वयंपाकघरात गेली.

“आई, चकतीला कुंकू लावलंत तुम्ही?”

“मी? नाय गं. हँडलाला लावलं, तू म्हणली होतीस ना—”

“मग ते आपोआप आलं का? तीन टाके पडलेत पोरीला, तीन! पूल होता समोर, कळतंय का तुम्हाला? खाली पडलो असतो दोघी!”

“अगं, मी ताट धरून—”

“ताट, निरांजन, तेल! एक गोष्ट सांगितली होती मी. एक! तीही नाही पाळता येत तुम्हाला?”

यशोदाबाईंच्या हातात कणकेचा गोळा होता. तो त्यांनी परातीत ठेवला, हात पदराला पुसले. बराच वेळ त्या आपल्या बोटांकडेच बघत राहिल्या.

“सांडलं आसंल बाई,” त्या म्हणाल्या. “हात हलतो हल्ली माझा.”

शेखर दारात उभा होता. “जाऊ दे ना आता, झालं ते झालं,” म्हणाला आणि टीव्हीच्या खोलीत गेला.

त्या दिवसापासून यशोदाबाई शाल्मलीला मांडीवर घेईनाशा झाल्या. ती गळ्यात पडली की म्हणायच्या, “आईला इचार आधी.” संध्याकाळी देवाशी दिवा लावायची वेळ झाली की सायलीला हाक मारायच्या. “तूच लाव. माझ्या हातून सांडतं.” तिसऱ्या दिवशी त्यांनी चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरलेली सायलीनं पाहिली. हात अजिबात हलत नव्हता. तिला कुठंतरी खटकलं. पण राग असा असतो की तो माणसाला पुढचं बघू देत नाही. आणि तिला कुणावर तरी रागवायचंच होतं, कारण नाहीतर तो राग स्वतःवर आला असता. मुलीला त्या सायकलवर बसवलं होतं तिनंच.

मनोजकडून आलेली सायकल पार्किंगमध्ये उभी होती. नवे पॅड घातलेले. सायली जाता-येता तिच्याकडे बघायची आणि हात लावायची नाही. आठवड्यानं ती खाली गेली आणि तिनं पुढच्या चाकाखाली पाहिलं. फरशीवर लाल टिपूस. वाळलेला नव्हे, ताजा. या आठवड्यात तर कुणी पूजा केली नव्हती!

ती सायकल हातानं ढकलत निघाली. इंदिरानगर ते सारडा सर्कल. द्वारका चौकातल्या वाहनांच्या गर्दीतून, भर उन्हात. बसायची हिंमत नव्हती.

“उतारावर ब्रेक गेला, चाचा. चकतीवर कुंकू सांडलंय म्हणे,” तिनं इब्राहिमचाचांना सांगितलं, शालू पडली तेही. त्यांनी सायकल उलटी केली, पुढचं चाक काढलं, चष्मा कपाळावर सारला आणि तो लाल डाग दोन बोटांत चोळला.

“कुणी सांगितलं कुंकू?”

“दुकानदारानं.”

“हां.” त्यांनी हँडलवरचं दसऱ्याचं वाळलेलं कुंकू नखानं थोडं काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. “चोळ. कसं लागतं?”

“खरखरीत.”

“आता हे चोळ.”

चकतीवरचा लाल डाग तिच्या बोटांमध्ये गुळगुळीत घसरला. कण नाही, रवा नाही. नुसतं तेल.

“ब्रेकचं तेल हाय बेटा. काही काही ब्रेकात लालच येतं. आत पिस्टनला रबर असतं, ते फाटलंय. उभी असली तरी पाझरतं, आणि तू ब्रेक दाबते तसं आतून गळतं, पॅडवर, चकतीवर.” त्यांनी ब्रेकचा जबडा कापडानं कोरडा केला आणि त्याच्याखाली शाळेच्या वहीचा पांढरा कागद धरला. “दाब. मोज.”

तिनं लिव्हर दाबायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. सोळाव्या वेळी जबड्याच्या कडेला लाल मणी जमला, थरथरला आणि कागदावर पडला.

सायलीनं तो कागद हातात घेतला. चाचा बोलतच होते. “आणि हे स्क्रू बघ. डोकी चावलीत पान्यानं. हे आधी कुणीतरी उघडलंय. तुला दिली तेव्हा नवी म्हणाला?”

“शोरूमला उभी होती म्हणाला.”

“तुझे आधीचे पॅड कुठंयत?”

ते मनोजनं कागदात गुंडाळून तिच्याच पिशवीत टाकले होते, ‘आठवण ठेवा ताई’ म्हणून हसला होता. चाचांनी ते उन्हात धरले. “पॉलिश पेपरनं घासलेत. भिजलेले पॅड घासून पुसून परत बसवले की दहा-पंधरा दिवस ब्रेक लागतो. मग परत तेच. नव्या सायकलीचे पॅड कोण घासतं, बेटा?”

म्हणजे त्याला माहीत होतं. खुर्चीचे पट्टे ओढून दाखवत होता तेव्हाही माहीत होतं. शाल्मलीच्या गालाला हात लावून “बसणार ना गं मागे?” विचारत होता तेव्हाही. आणि लाल बोट वर करून तिच्या सासूवर ढकललं तेव्हाही. काय हुशारी! नाशिकमध्ये दसऱ्याला कुठल्या घरात कुंकू नसतं? लाल डाग दिसला की घरातली माणसं आपापसात भांडतात, दुकानाकडे कोण येतंय!

“तुम्ही सांगितलं होतं मला,” ती म्हणाली.

“ते जाऊ दे. पोरगी बरी हाय ना?” चाचा म्हणाले. “तिला घेऊन ये एकदा.”

दुसऱ्या दिवशी ती शेखरला आणि त्या सायकलीला घेऊन मनोजच्या दुकानात गेली. पांढरा कागद काउंटरवर ठेवला, त्यावर घासलेले पॅड. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

“मनोजभाऊ, हे पॅड कुणी घासले?”

“ताई, आत बसून बोलू. चहा सांगतो.”

“चहा नको. कुणी घासले?”

“अहो, आवाज कशाला—”

“माझी मुलगी किंचाळत होती तेव्हा तुम्ही नव्हता तिथं. तुम्हाला आवाज काय असतो ते माहीत नाही. कुणी घासले?”

मनोजनं दाराकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं. मग एकदम विरघळला. “पूर्ण पैसे परत देतो. खुर्चीचेसुद्धा. आत्ता, या क्षणी. फक्त ग्रुपवर काही टाकू नका ताई. आपलीच माणसं आहोत.”

पाच मिनिटांत पैसे खात्यावर आले. शेखर तिचा दंड धरून म्हणाला, “संपलं ना मग? चल आता.”

आणि सायली म्हणाली, “ठीक आहे.”

सायकल तिथंच सोडून ती बाहेर पडली. तिचं आता काय करणार, हे तिनं विचारलं नाही. रिक्षाचे टायर बघणाऱ्या बाईनं विचारलं नाही. मुलगी वाचली होती, पैसे मिळाले होते, तिला फक्त त्या काचेच्या दुकानातून बाहेर पडायचं होतं.

घरी ती सासूबाईंसमोर जमिनीवर बसली. “आई, चुकलं माझं. ते कुंकू नव्हतं. ब्रेकचंच तेल होतं, त्याला माहीत होतं. तुम्ही काही सांडलं नव्हतं.”

यशोदाबाई मेथी निवडत होत्या. “बरं,” म्हणाल्या. चार काड्या निवडून झाल्यावर म्हणाल्या, “तू इचारायला आलीच नव्हती सायली. ठरवून आली होतीस. मी म्हणले सांडलं आसंल, ते तुला खरं वाटलं. मलाबी वाटाया लागलं. आठ दिस मी या हातांकडं बघत बसले.”

सासूबाईंनी जुडी तिच्यापुढं सरकवली. “निवड. बसू नको नुसती.” त्या संध्याकाळी शाल्मली आजीच्या मांडीवर झोपली. पण देवाशी दिवा लावताना त्या अजून दोन्ही हात वापरतात. तो हिशेब सायलीच्या नावावर राहिलाच.

इथं ही गोष्ट संपली असती तर तुम्हाला सांगायचं कारण नव्हतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. शेखर जेवता जेवता मोबाइल बघत होता आणि एकदम थांबला. सायलीनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला. मनोजच्या दुकानाचं स्टेटस. दुकानाच्या पायरीवर एक मुलगी, बावीस-तेवीसची, पिवळा ड्रेस, एवढं मोठं हसू. हातात ऑलिव्ह रंगाची सायकल. हँडलला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं. आणि खाली: ‘वणीच्या निकिताताईंना खूप खूप शुभेच्छा! आता गड दूर नाही!’

सायलीनं फोटो मोठा केला. पुढच्या चाकाशेजारच्या दांडीवर, डाव्या बाजूला, बरोबर जिथं बांधातला दगड लागून रंग उडाला होता, तिथं एक चंदेरी स्टिकर.

तिनं लगेच मनोजला फोन लावला.

“ब्रेक बदललाय ताई, सगळा नवा टाकलाय.”

“जुना काढलेला दाखवा. नाहीतर नव्याचं बिल दाखवा. फोटो पाठवा, मी परत फोन करणार नाही.”

“तुमचे पैसे मिळाले ना तुम्हाला? मग तुमचा संबंध काय?”

“मला तिचा नंबर द्या.”

फोन कट. दहा मिनिटांनी परत बघितलं तर स्टेटस गायब. ब्रेक खरोखर बदलला असता तर स्टेटस कशाला काढलं असतं?

“बदललाही असेल गं,” शेखर म्हणाला. “कदाचित.”

“त्या कदाचितवर शालूला बसवशील?”

शेखर ताटावरून उठला. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गाडी त्यानंच काढली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्याआधी सायलीनं त्याच्या मोबाइलवरून ‘पहाटचाक’वर सगळं लिहिलं, फोटोसकट. चार मिनिटांत ते उडवलं गेलं. ‘ग्रुपवर वैयक्तिक वाद नकोत,’ ॲडमिननं लिहिलं. वैयक्तिक! त्याच ग्रुपवर हे लोक रोज सकाळी हेल्मेट घाला म्हणून एकमेकांना सुविचार पाठवतात.

वणीत ती दोघं दिवसभर फिरली. बाजारपेठ, बसस्थानक, कॉलेजचं फाटक. एक निकिता शाळेत शिकवणारी निघाली, तिला सायकल येत नव्हती. एक निकिता लग्न होऊन पुण्याला गेलेली. संध्याकाळ व्हायच्या आत एका पंक्चरवाल्यानं सांगितलं, “हिरवट ना? आली होती की. हवा भरून घेतली. म्हणत होती, गडावर जाणार हाय सायकलनं, सराव करते हाय. नाय, कुठल्या वस्तीवरची ते नाय इचारलं.”

सप्तशृंगगडावरून खाली येणारा नांदुरीचा घाट तुम्हाला माहीत आहे. चढताना ब्रेक लागत नाही, ती हसत वर जाईल. उतार मैलोन् मैल आहे, आणि तिथं कुठल्याच वळणावर मातीचा बांध नाही, कठडा आहे आणि दरी आहे. आणि काही झालंच, तर चकतीवरचा लाल डाग बघून लोक तिच्या आईलाच विचारतील, का गं बाई, पूजा करताना काय लावलंस?

म्हणून हे तुम्हाला. तुम्ही वणी, नांदुरी, दिंडोरीकडचे असाल, तुमची बहीण, मैत्रीण, विद्यार्थिनी, शेजारीण निकिता असेल आणि तिनं दिवाळीनंतर ऑलिव्ह रंगाची, डिस्क ब्रेकची सायकल घेतली असेल, पुढच्या दांडीवर डाव्या बाजूला चंदेरी स्टिकर असेल, तर तिला गाठा. पुढच्या ब्रेकखाली पांढरा कागद धरून वीस-पंचवीस वेळा लिव्हर दाबायला सांगा. ती म्हणेल, नवी आहे हो, दुकानदार ओळखीचा आहे. म्हणू द्या. फोन उचलला नाही तर मेसेज टाकून मोकळे होऊ नका, घरी जा. घरी नसेल तर कुठल्या रस्त्यानं गेली ते विचारा.